धाकटीचे चौदा नंबर

माझी धाकटी जाऊ शिवणकाम करते, शाळा तिची चौथीपर्यंत झालेली आहे, आणि मला तिचा हेवा वाटतो. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला शहाणपण शिकवायला नको. हेवा म्हणजे साधासुधा नाही, चांगला पोटात दुखेपर्यंत.

ती या घरात आली तेव्हा बावीस वर्षांची होती आणि सोबत पायाने चालवायचं शिलाई मशीन घेऊन आली होती. मशीन दारातून आत येईना, म्हणून माझ्या दिरांनी दाराची चौकट तासली. मी आले तेव्हा माझ्या पुस्तकांच्या दोन पेट्या माळ्यावर गेल्या होत्या. त्यांच्यासाठी कुणी काही तासलं नव्हतं, हे मी विसरलेले नाही.

धाकटी फार बोलत नाही, कारण तिच्या तोंडात कायम टाचण्या असतात. लोकांना वाटतं, किती समंजस! मीही दिवसभर ओठांत टाचण्या धरल्या तर समंजस दिसेन. गळ्यात मापाची पट्टी, बोटांना खडूची पूड. दारात कुणी उभं राहिलं की ही तोंडाकडे न बघता खांद्यांकडे बघणार. एकदा पोस्टमनला म्हणाली, ‘‘तुमचा डावा खांदा उतरलाय, पिशवी जरा दुसऱ्या बाजूला घेत जा.’’ तर तो बाबा महिनाभर आमच्या दारापर्यंत पिशवी उजव्या खांद्यावर घेऊन यायचा, आणि पुढे गेला की परत डाव्यावर.

नवे कपडे तिच्याकडे कमीच येतात. येतात ते जुने, सैल करायचे, घट्ट करायचे, बापाचे मुलाला बसवायचे. उसवता उसवता तिला माणसं कळतात म्हणे. ‘‘ही बाई खिशात कायम मूठ आवळून चालते,’’ असं कोटाचं अस्तर बघून सांगते. आणि खरं निघतं, तेच तर.

आता माझं ऐका. मी छापखान्यात मुद्रितं तपासते. एकतीस वर्षं झाली. सकाळी सात ते एक. माझ्या हाताखालून गेलेल्या पानात काना-मात्रा इकडचा तिकडे झालेला नाही. आणि गेली एकोणीस वर्षं मी आमच्या वाचक मंडळात आहे. दर शनिवारी संध्याकाळी पाच वाजता, ग्रंथालयाच्या वरच्या खोलीत आम्ही जमतो. तीसेक खुर्च्या, एक पंखा, तोही आवाज करणारा. तिथे फक्त नव्या कादंबऱ्यांवर बोलायचं, गेल्या दोन-तीन वर्षांत आलेल्या. ज्याने वाचली त्याने उठून दहा मिनिटांत सांगायचं, काय वाटलं ते. मग ग्रंथपालबाई त्या कादंबरीचं नाव लिहून एक कागद फळ्यावर लावतात, आणि ज्याला ती वाचावीशी वाटली तो त्यावर आपलं नाव घालतो. याला आम्ही नंबर लागणं म्हणतो. तुमच्या बोलण्यावर किती नंबर लागले, यावर तुमची पत. तोंडाने कुणी असं म्हणणार नाही, पण निघताना प्रत्येक जण फळ्याकडे बघून मनात मोजतो.

माझा उच्चांक सात. मी टिपण काढून नेते, दोन पानी. भाषा, रचना, पात्रं, शेवट. सातातले तीन तर भिडेखातर असायचे, ग्रंथपालबाई, गणिताचे मास्तर आणि दाताचे डॉक्टर. तरी सात म्हणजे सात! दुसऱ्या कुणाचे पाचावर गेले नव्हते.

दीड वर्षापूर्वीची गोष्ट. मास्तरांची पँट कमरेला सैल करायला दिली होती. ती द्यायला धाकटी वर आली. मी नुकतीच एका कादंबरीवर बोलून खाली बसले होते, चार नंबर लागले होते. मास्तरांना भारी हौस. म्हणाले, ‘‘आलाच आहात तर बसा. वाचलंय का तुम्ही हे?’’ मला वाटलं, आता ही लाजेल आणि पळेल. तर ही म्हणाली, ‘‘मला ठाऊक आहे ते पुस्तक.’’ आणि उभी राहून बोलली की!

‘‘त्यातल्या नवऱ्याला बायको नको झालीय असं सगळीकडे लिहिलंय. पण रोज झोपताना तो तिच्या डोळ्यांवर येणारा दिवा आधी मालवतो आणि मग आपलं वाचन अंधारात तसंच टाकून देतो. नको असलेल्या माणसासाठी कुणी पान अर्धवट टाकत नाही. त्याला ती हवी आहे. लाज वाटते म्हणून बोलत नाही.’’

बस, एवढंच. दोन मिनिटंसुद्धा झाली नाहीत. त्याच कागदावर माझ्या चार नावांखाली आणखी दहा नावं लागली. दहा! मास्तर पँट काखेत मारून रांगेत उभे होते. एकूण चौदा झाले, आणि ग्रंथपालबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, ‘‘शिवणताईंचे चौदा.’’ अहो, त्यातले चार माझे होते ना?

तेव्हापासून धाकटी दर शनिवारी. मला पडलेला प्रश्न एकच, ही मेली वाचते कधी? पुस्तकं घरात आणते मी. माझ्या टेबलावर असतात ती. मी छापखान्यात गेल्यावर ढापत असणार, असं वाटून मी एकदा चाळिसाव्या पानात तिच्याच रिळाचा दोरा ठेवून दिला. चार दिवस छापखान्यातून आल्या आल्या बघितलं, दोरा जागच्या जागी. आणि शनिवारी ही त्याच पुस्तकावर बोलली, अकरा नंबर घेतले. माझी अक्कल गुंग झाली. नवऱ्याला सांगितलं, तर तो म्हणाला, ‘‘तू पुस्तकांवर पाळत ठेवतेस? कमाल आहे तुझी.’’ भावजयीची बाजू घ्यायला हे सगळे एका पायावर तयार.

मग या वर्षी मंडळाने ठरवलं की एका लेखिकेला बोलवायचं. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. नुकत्याच आलेल्या तिच्या कादंबरीवर तिच्यासमोर एका वाचकाने बोलायचं, आणि मग तिने उत्तर द्यायचं. मी मनातल्या मनात उभीसुद्धा राहिले होते. काय घालायचं, चष्मा कुठला, सगळं. आणि ग्रंथपालबाई म्हणाल्या, ‘‘शिवणताई बोलतील. ज्यांचे नंबर जास्त, त्यांचा मान.’’ मी टाळ्या वाजवल्या. घरी येऊन एक भांडं असं आदळलं की त्याला पोचा आला.

लेखिका यायची त्या शनिवारी सकाळी धाकटी माझ्या जाकिटाचं बटण लावत होती. छापखान्याला सुट्टी होती. तिने तोंडातल्या टाचण्या काढून बशीत ठेवल्या आणि म्हणाली, ‘‘वहिनी, एक विचारू? आज शेवटावरच बोलू ना? तो चपलेचा.’’

‘‘कुठल्या चपलेचा?’’

‘‘असं काय करता? मंगळवारी तुम्ही आईंना वाचून दाखवलात ना. सून बसमधून उतरते तो.’’

इथे आमच्या सासूबाईंबद्दल सांगायला हवं. दोन वर्षं त्या अंथरुणावर आहेत. कमरेचं हाड मोडलं ते जुळलंच नाही, डोळ्यांनी धूसर दिसतं. रोज दुपारी तीन वाजता मी त्यांना तासभर वाचून दाखवते, जी कादंबरी माझ्याकडे असेल ती. त्यांच्या खोलीत आणि धाकटीच्या खोलीत फळ्यांची भिंत आहे. त्या वेळी मशीनचा आवाज येत नाही, म्हणून ही दुपारची झोप काढते, असा माझा समज.

‘‘तू ऐकतेस?’’ मी विचारलं.

‘‘सगळं. तुम्ही बसलात की मी मशीन थांबवते आणि काजं करायला घेते. एवढी जाडी पुस्तकं मला कुठली वाचवणार, वहिनी? एका पानाला अर्धा तास लागतो, आणि खाली येईपर्यंत वरचं विसरते. तुम्ही वाचता म्हणून मला कळतं. तुम्हाला ठाऊक नव्हतं? मला वाटायचं, तुम्ही माझ्यासाठीच जरा मोठ्याने वाचता.’’

 पण तो चपलेचा प्रसंग कादंबरीत नव्हता.

कादंबरीत एक सून असते, अंथरुणाला खिळलेल्या सासूचं सगळं करून थकलेली. शेवटच्या पानावर ती दार ओढून घेते, बसमध्ये बसते आणि जाते. परत येत नाही. संपली कादंबरी. मंगळवारी मी वाचत वाचत त्या पानावर आले, आणि पुढची ओळ मला वाचवेना. समोर सासूबाई, माझ्याकडे तोंड करून. त्यांनी माझ्या बाहीचं टोक धरलं होतं. आणि खरं सांगायचं तर त्याच महिन्यात मी दोनदा बहिणीकडे कायमचं निघून जायचा विचार केला होता, एकदा बॅगही भरली होती. सासूबाईंना ते ठाऊक असावं, असं मला नेहमी वाटतं. मी पानाकडे बघत तोंडाला येईल ते वाचायला लागले. सून बसमध्ये बसते, बस सुटते, आणि ही चालत्या बसमधून उतरते. एक चप्पल आतच राहते. एका पायात चप्पल घालून ती घरी येते. सासू विचारते, ‘‘दुसरी कुठाय?’’ सून म्हणते, ‘‘ती गेली पुढे. मी राहिले.’’

सासूबाई हसल्या. ‘‘चांगली आहे गं पोरगी,’’ म्हणाल्या आणि माझी बाही सोडून झोपल्या. एकतीस वर्षांत मी छापील ओळीत केलेला तेवढाच बदल. कुणाला सांगणार होते?

आणि आता धाकटी तोच प्रसंग त्या लेखिकेच्या तोंडावर सांगायला निघाली होती. एक वाक्य पुरलं असतं. अगं, ते माझं आहे, पुस्तकात नाही, दुसऱ्या कशावर बोल. संध्याकाळपर्यंत मी तिला खरा शेवट वाचूनही दाखवला असता.

‘‘सांग की,’’ मी म्हणाले. ‘‘तोच सांग. छान आहे.’’

जाकीट घेतलं आणि आत गेले. काय करत होते ते मला पक्कं कळत होतं, उगाच नंतर भाबडेपणाचा आव आणणार नाही.

संध्याकाळी खोली गच्च भरली. खुर्च्या कमी पडल्या, मास्तर खिडकीत बसले. लेखिकेला सर्दी झाली होती, सारखा रुमाल नाकाला. धाकटी उभी राहिली.  सुनेचे हात कसे वर्णन केलेत, चादर बदलताना ती सासूच्या पाठीखाली आधी आपला हात कसा घालते, ते सांगितलं. लेखिका मान हलवत होती. मग धाकटी शेवटावर आली. बस, चप्पल, ‘‘ती गेली पुढे, मी राहिले.’’ दोन बायकांनी डोळे पुसले. मी दुसऱ्या रांगेत बसले होते.

लेखिका म्हणाली, ‘‘पण हे माझ्या कादंबरीत नाही.’’

कुणीतरी खुदकन हसलं. दाताच्या डॉक्टरांनी टेबलावरची प्रत उचलली, शेवटचं पान काढलं आणि मोठ्याने वाचलं. सून जाते. परत येत नाही. ग्रंथपालबाईंचा चेहरा पडला. ‘‘शिवणताई, तुम्ही पुस्तक वाचलंय ना?’’

धाकटीने माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही हो. नाव लक्षात येत नसलं की आपण शेजारच्या माणसाकडे बघतो ना, तसं. मी सांगेन म्हणून. मी खाली वाकून पर्सची चेन बघायला लागले. चेन चांगली होती. ती मी उघडली, लावली, परत उघडली. वर पाहिलं तेव्हा तिची नजर बदलली होती. कळलं होतं तिला.

‘‘माझी चूक झाली,’’ ती सगळ्यांना म्हणाली. ‘‘दुसऱ्या कुठल्या पुस्तकातलं मिसळलं माझ्याकडून. माफ करा.’’

‘‘ते पुस्तक कुठलं, तेवढं सांगा मला,’’ लेखिका म्हणाली. ‘‘तो चपलेचा प्रसंग मला सुचायला हवा होता.’’

‘‘आठवत नाही,’’ धाकटी म्हणाली आणि खाली बसली.

त्या वेळी माझ्या मनात काय आलं ते सांगते. धाकटीची कीव नाही आली. माझं कौतुक झालं, एका लेखिकेने केलं, आणि ते मला उठून घेता येत नव्हतं, याची चुटपुट लागली. अशी मी.

जिना उतरताना डॉक्टर कुणाला तरी सांगत होते, ‘‘म्हणजे इतके दिवस ऐकीव माहितीवर बोलत होत्या बाई, आणि आपण आपले नंबर लावत होतो!’’ धाकटी दोन पायऱ्या पुढे होती. तिने ऐकलं.

आम्ही दोघी चालत घरी निघालो. कोपऱ्यावरची बेकरी आली. मग ती म्हणाली, ‘‘सकाळी मी विचारलं, तेव्हा तुम्हाला ठाऊक होतं ना?’’

‘‘हो.’’

‘‘बरं.’’

तिने मला चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मीच चिडून म्हणाले, ‘‘मग सांगायचं होतंस सगळ्यांना! माझं नाव घ्यायचं होतंस. कुणी तुझं तोंड धरलं होतं?’’

‘‘आणि मग?’’ ती म्हणाली. ‘‘मास्तर दर रविवारी आईंना भेटायला येतात. त्यांच्या पोटात काही राहतं का? येऊन सांगितलं असतं की शेवट तसा नाही, सून परत येतच नाही, तुमच्या सुनेने तुम्हाला फसवलं. आई मंगळवारपासून त्या चपलेचंच बोलतायत. मला म्हणाल्या, नवी चप्पल घेऊन द्यायला हवी गं तिला.’’

हे मला सुचलंच नव्हतं. तिथे उभी राहून, सगळे हसत असताना, हिला सुचलं. त्याचासुद्धा मला हेवा वाटला.

आठवडाभर मी जेवले की नाही मला आठवत नाही. वाचत होते, पण नुसते डोळे फिरत होते. छापखान्यात एका पानातल्या तीन चुका सुटल्या. फोरमनने पान आणून समोर ठेवलं आणि गेला.

पुढच्या शनिवारी धाकटी आली नाही. ग्रंथपालबाईंनी पहिल्यांदा मलाच बोलायला सांगितलं. मी टिपण नेलं नव्हतं. उभी राहिले आणि म्हणाले, ‘‘मला कादंबरीवर बोलायचं नाही. तो चपलेचा प्रसंग माझा आहे. मी घरी मोठ्याने वाचते, तेव्हा शेवट मी बदलला होता. धाकटीने माझ्या तोंडून ऐकला. तिची काही चूक नाही. आणि आजवर ती इथे जे बोलली ते ऐकून बोलली असेल, पण बोलली ती स्वतःचं. मी तीच पुस्तकं स्वतः वाचली आणि मला त्यातलं काही दिसलं नाही.’’

केवढा धीर केला होता मी! सासूबाईंचं नाव तेवढं मुद्दाम घेतलं नव्हतं, मास्तर समोरच होते. खोलीत सगळे एकमेकांकडे बघायला लागले. मग मास्तर उठले. भला माणूस, माझ्याशी कधी वावगं बोललेला नाही. समजुतीच्या सुरात म्हणाले, ‘‘तपासनीसबाई, बसा. होतं असं. तुम्हाला त्यांचं कौतुक किती लागतं ते आम्ही दीड वर्ष बघतोय, कुणी बोलून दाखवलं नाही. पण लेखिकेने कौतुक केलं म्हणून तो प्रसंग आता तुमचा? त्या बिचारीची चूक झाली, तिने कबूलही केली. निदान ती चूक तरी तिची तिला राहू द्या.’’

कुणी हसलं नाही. सगळ्यांना माझी लाज वाटत होती. ‘‘घरी चला, सासूबाईंना विचारा, त्यांनी ऐकलंय,’’ हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. साक्षीला तेवढं एकच माणूस होतं. पण त्यांना विचारायचं म्हणजे आधी सांगावं लागलं असतं, की सून परत आलीच नाही. मी शब्द गिळले आणि बसले. डॉक्टर दुसऱ्या कादंबरीवर बोलायला लागले.

घरी आले तेव्हा धाकटी एका कोटाची बाही उसवत होती. मी तिला सगळं सांगितलं, मास्तर काय म्हणाले तेसुद्धा. तिने हातातलं काम खाली ठेवून ऐकून घेतलं.

‘‘पटणार कसं त्यांना, वहिनी?’’ ती म्हणाली. ‘‘मी यायच्या आधी तुम्ही माझ्याबद्दल तिथे किती वेळा वाईटसाईट बोललायत.’’

तिला तेही ठाऊक होतं.

‘‘पुढच्या शनिवारी चल,’’ मी म्हणाले. ‘‘मी परत सांगेन. पटेपर्यंत सांगेन.’’

‘‘नको. मला नाही आता तिथे बोलता येणार.’’ तिने बाही परत उचलली, शिवण शोधली. ‘‘तुम्ही मात्र जात जा हं. तुम्हाला आवडतं ना तिथे.’’